स्मरणातील खंड

विजनात स्मरणास बसलेल्या साधकाचे चित्त ढळते आणि 'आजचा विधी मोडला' असे मानून तो उठतो; एका खंडापायी उरलेला प्रहरही दवडतो. ही निष्ठा भासते, परंतु बहुधा तो अभिमानच होय. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत परंपरेनुसार धाडीत हरपली. संपूर्ण शब्द हाती नाही म्हणून कोणी मौन धरले नाही. ज्यास जेवढे आठवले तेवढे लिहिले गेले. हिराइसा पाठ, परशरामबास पाठ असे पाठ वेगळे राखले, 'शोधु' म्हणून भेद नोंदविला. मग याने आचारात शैथिल्य येणार नाही काय? उणीव तेथे झाकलेली नाही, हे ध्यानी घ्यावे. साधकानेही गेल्या क्षणांची खंती बाळगावी. मात्र ती आसनावर बसूनच.