सखूची दोरी कोणी सोडावी?

आम्ही कीर्तनकार सखूचें आख्यान लावतों तेव्हां मंडपांतल्या बायांचा पदर डोळ्यांस लागतो. कऱ्हाडची सखू पाण्यास गेलेली, दिंडी पाहून पंढरीस निघते. घरचे तिला ओढून आणतात, मारतात, खांबाला बांधतात, अन्नपाणी तोडतात. मग पांडुरंग बाईच्या वेषानें येतो, तिला सोडतो आणि तिच्या जागीं स्वतः बांधून घेतो. हें आख्यान मी चाळीस वर्षें सांगत आलों. त्यांत देव करतो काय, हें मात्र मला साठी उलटल्यावर कळलें. आणि तेंहि माझ्या शहाणपणानें नव्हे.

आमचें सालेकसा म्हणजे महाराष्ट्राचें पूर्वेकडचें टोक. दरेकशाचा डोंगर ओलांडला कीं छत्तीसगड. मुलूख धानाचा, पंढरी लांब. एकादशीचें कीर्तन हीच येथल्या पुष्कळ बायांची वारी. अशाच एका कीर्तनानंतर मी बुक्का लावीत असतां एक बाई मागें थांबली. बरोबर सात-आठ वर्षांचा मुलगा. म्हणाली, "महाराज, माणूस रोज मारते जी. लेकरू पाहत रायते. का करू?"

मीं बुक्का लावला आणि सांगितलें, "बाई, सोस. नाम घे. प्रारब्ध भोगूनच सरतें." ती पायां पडली आणि गेली. मला वाटलें, मीं उपदेश केला.

तो मुलगा आमच्या भजनांत टाळ धरी. ठेका चांगला, पण मृदंगावर थाप जोरानें पडली कीं त्याचा टाळ चुके, आणि तो दाराकडे पाही. मी दोनदां त्याच्यावर रागावलोंहि. पुढें कार्तिकांत ती बाई आली ती हात गळ्यांत अडकवून. मुलानें त्या दिवशीं टाळ उचललाच नाहीं.

रात्रीं आमच्या मंडळींनीं जेवण वाढतां वाढतां विचारलें, "अहो, सखू बांधलेली असतां देव आला, तेव्हां तो तिला 'सोस' म्हणाला का?" मायबापहो, व्याकरण आणि वेदान्त शिकलेल्या माणसाजवळ याचें उत्तर नव्हतें.

येथें थोडा शास्त्राचा विचार करूं. सोसणें हा गुण आहे, यांत शंका नाहीं. शमदमादि षट्संपत्तींत तितिक्षा सांगितलीच आहे. पण ती कोणाची? जो साधक आपण होऊन वाट धरतो त्याची. थंडी-ऊन, मान-अपमान तो स्वतः सोसतो. तितिक्षा दुसऱ्याच्या गळ्यांत बांधतां येत नाहीं. ज्याला मार बसत नाहीं त्यानें मार खाणारीला सहनशीलता शिकवावी, हा वेदान्त नव्हे. प्रारब्धाचेंहि तसेंच. आपल्या दुःखास प्रारब्ध म्हटलें तर मन निवतें. दुसऱ्याच्या दुःखास प्रारब्ध म्हटलें तर फक्त आपली जबाबदारी टळते. घरच्या लेकराला ताप आला तर आपण प्रारब्ध म्हणून बसतों का? दवाखाना गांठतों ना?

कोणी म्हणेल, बहिणाबाईंनीं सोसलें आणि पुढें त्यांचा नवरा पालटला. खरें आहे. तुकोबांच्या या शिष्येला लहान वयांत नवऱ्यानें मारलें, बांधलें. तिनें तें आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत उघड सांगितलें, झांकलें नाहीं. पण मीमांसक काय म्हणतात? विधि निराळा, अर्थवाद निराळा. संतचरित्र मन घडवितें. त्यावरून परक्या बाईला मार खाण्याचा विधि निघत नाहीं. एकीचा नवरा पालटला म्हणून दुसरीनें हाड मोडेपर्यंत वाट पाहावी, असें कोणतें शास्त्र सांगतें?

आणि मुलाचें काय? आम्हीं पाठशाळेंत शब्दरूपें पाठ केलीं तीं अर्थ कळून नव्हे. कानांवर रोज पडलीं म्हणून. तीं आज पन्नास वर्षांनींहि जिभेवर आहेत. घर ही पहिली पाठशाळा. तेथें रोज रात्रीं मारहाणीचा पाठ चालत असेल तर मूल तोच शिकणार. कोणी मारायला शिकेल, कोणी मार खायला, कोणी नुसतें दचकायला. त्याच्या अंगावर वळ नसले म्हणून तें सुटलें असें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आमची मंडळी आणि अंगणवाडीच्या बाई त्या माउलीकडे गेल्या. तिला विचारून, तिच्या संमतीनें, दोन्ही लेकरांसह तिला आगगाडीनें गोंदियास नेलें. तेव्हां मला जें कळलें तें येथें मांडतों, कारण तें प्रत्येक दिंडींत ठाऊक हवें.

घरांतील छळापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा कायदा २००५ सालीं झाला व २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. नुसती मारहाण नव्हे. शिवीगाळ, धाक, पैसा अडविणें हेंहि त्यांत छळच आहे. न्यायदंडाधिकारी नवऱ्यास मनाईचा हुकूम देऊं शकतात, पोटगी ठरवूं शकतात, मुलांचा तात्पुरता ताबा आईस देऊं शकतात. सरकारनें नेमलेला संरक्षण अधिकारी अर्ज करण्यास मदत करतो. स्त्रीला वकीलहि मोफत मिळतो. तिचें उत्पन्न पाहत नाहींत. २०१५ पासून 'सखी' नांवाचीं केंद्रें निघालीं आहेत. तेथें औषधोपचार, पोलिसांची मदत, सल्ला आणि पांच दिवसांपर्यंत निवारा एकाच ठिकाणीं मिळतो. नांव पाहा, सखी! आमच्या सखूचीच जणूं बहीण. बाईसाठीं १८१, लेकरांसाठीं १०९८ आणि तांतडीला ११२ हे फोन आहेत.

पण पांच दिवस सरल्यावर? तेथें माहेर, शेजार आणि आपण लागतों. कायद्यांत एक गोष्ट मला फार आवडली. छळ होत आहे असें वाटल्यास कोणीहि संरक्षण अधिकाऱ्यास कळवूं शकतो. सद्भावानें कळविणाऱ्यावर कसलीहि जबाबदारी येत नाहीं. म्हणजे शेजाऱ्याला 'आमचा काय संबंध' म्हणण्यास जागा उरली नाहीं.

आपल्या पंढरींतहि ही वाट नवी नाहीं. पुण्यांत फुले दांपत्यानें १८६३ सालीं निराधार विधवा व त्यांच्या अर्भकांसाठीं घर उघडलें. पंढरपुरांत प्रार्थना समाजाचा बालकाश्रम १८७५ चा. टाकलेल्या बायांच्या पोटचीं लेकरें तेथें वांचलीं. चंद्रभागेच्या गांवीं जातांना हें आपण आठवावें.

यानें घरें मोडतील, असें मला एका जाणत्या माळकऱ्यानें ऐकविलें. मीं म्हटलें, घर मोडलें तें हात उगारला त्या दिवशीं. दार उघडून बाहेर पडलेल्या बाईनें तें मोडलें नाहीं. शिवाय कायदा तिला घराबाहेर काढीत नाहीं. त्याच घरांत राहण्याचा हक्क तिला देतो.

आम्हीं फडकऱ्यांनींहि एक करावें. माळ घालतांना आपण मद्यमांस सोडवितों, परस्त्री मातेसमान मानावयास सांगतों. घरच्या स्त्रीविषयीं मात्र गप्प राहतों. त्याच वेळीं आणखी एक नियम सांगावा : या गळ्यांत तुळस आहे तोंवर हा हात घरांत उठणार नाहीं. मीं गेल्या आषाढीपासून तसें सुरू केलें आहे. दोघे माळ न घेतां परत गेले. जाऊं देत.

ती बाई आतां भावाच्या गांवीं आहे. प्रकरण अजून चालू आहे. मुलानें टाळ पुन्हां धरला का, मला ठाऊक नाहीं. धरला असेल तर त्याचें श्रेय माझें नव्हे.

सखूचें आख्यान मी पुढेंहि लावीन. पण आतां खांबापाशीं आलों कीं थांबतों आणि मंडपाला विचारतों : देवानें आधीं काय केलें? बायाच उत्तर देतात : दोरी सोडली.

रामकृष्णहरि.