माहिती अपुरी

नीरा उजव्या कालव्याखालच्या फलटण तालुक्यातल्या एका गावात एका शेतकऱ्याची मुलगी राहत होती. बारावीची परीक्षा आटोपून ती पाच वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीला बसणार होती. दोन तासांत १२० प्रश्न आणि त्यातले ३२ तर्काचे. कायदा, सामान्य ज्ञान, इंग्रजी यांत तिचं बरं चाललं होतं. तर्काच्या प्रश्नांत मात्र हातचे गुण जायचे.

कारण एकच, तिला घाई फार. प्रश्न अर्धा वाचून होतो न होतो तोच उत्तर मनात पक्कं व्हायचं, आणि उरलेला प्रश्न ती त्या उत्तराच्या बाजूनं वाचायची. ‘माहिती अपुरी आहे’ या पर्यायावर तर तिनं कधी खूणच केली नव्हती. तिला वाटायचं, हे उत्तर म्हणजे हार मानणं. शिवाय या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मग ठोकून द्यायला काय हरकत आहे?

तिची आत्या फलटणच्या कोर्टात वकिली करायची आणि सासरची शेतीही तीच बघायची. एका रविवारी ती माहेरी आली, तेव्हा मुलीनं सराव चाचणीचे पेपर तिच्यापुढं ठेवले. आत्यानं एक चुकलेला प्रश्न निवडला. ‘सर्व वकील पदवीधर आहेत. काही पदवीधर शेतकरी आहेत.’ यावरून ‘काही वकील शेतकरी आहेत’ असा निष्कर्ष निघतो का? मुलीनं ‘निघतो’ यावर खूण केली होती.

“हे कशावरून गं?” आत्यानं विचारलं.

“तू नाहीस का? कोर्टात वकील आणि रानात शेतकरी.”

“मी आहे. पण ते तू मला ओळखतेस म्हणून तुला माहीत. या दोन विधानांत मी कुठं आहे?”

आत्यानं कागदावर पदवीधरांचं मोठं वर्तुळ काढलं आणि त्याच्या पोटात वकिलांचं लहान. “आता शेतकऱ्यांचं तू काढ. मोठ्या वर्तुळाला छेदलं पाहिजे, एवढीच अट.” मुलीनं ते वकिलांच्या वर्तुळातून ओढलं. आत्यानं शेजारी तीच आकृती पुन्हा काढली, फक्त शेतकऱ्यांचं वर्तुळ वकिलांना कुठं शिवू दिलं नाही.

“ही आकृती विधानांना धरून आहे का?”

“आहे.”

“आणि तुझी?”

“तीही आहे.”

“दोन्ही बसत असतील, तर एकीवरच बोट कसं ठेवशील? निष्कर्ष खरा असणं वेगळं आणि दिलेल्या माहितीतून तो निघणं वेगळं.”

मग गृहीतकांचे प्रश्न आले. तिथंही मुलगी अडखळायची. आत्या म्हणाली, “युक्तिवाद करणारा एखादी गोष्ट न बोलताच धरून चालतो, ते गृहीतक. ते ओळखायची एक रीत आहे. जे गृहीतक वाटतं ते उलटं करून बघ. उलटं केल्यावर युक्तिवाद कोसळला, तर युक्तिवादाचा सगळा भार त्या गृहीतकावरच होता. नाही कोसळला, तर ते सोडून दे.”

“पण आत्या, ही वर्तुळं आणि ही उलटापालट वकिलाला कशाला लागते? कोर्टात तर पुरावे असतात.”

आत्या गंभीर झाली. “पुरावे असतात, पण प्रत्येक वेळी पाहणारा साक्षीदार नसतो. मग परिस्थितीवरून ताडावं लागतं. पुण्याचा सारडा खटला होता. सत्र न्यायालयानं आरोपीला फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयानं ती कायम केली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या आरोपीला निर्दोष सोडलं. न्यायालयानं सांगितलं, परिस्थितीची साखळी इतकी पुरी हवी की आरोपी निर्दोष असण्याला वाजवी जागाच उरू नये. दुसरी एखादी शक्यता शिल्लक असेल, तर माणसाला दोषी धरता येत नाही. तू कागदावर जी दुसरी आकृती काढायची विसरतेस ना, तिच्यावर कुणाचा जीव अवलंबून असतो.”

पुढच्याच आठवड्यात उन्हाळी आवर्तनाचं पाणी आलं. त्यांच्या उसाची पाळी रात्रीची होती. मुलीचे वडील दारं धरायला गेले आणि पहाटे संतापून परत आले. रात्री दोनच्या सुमारास चारीचं पाणी अचानक बंद झालं होतं. निम्म्याहून जास्त ऊस कोरडा राहिला होता आणि शेजारी चुलतभावाच्या उसाच्या सऱ्या मात्र चिंब होत्या. त्या भावाशी बांधाचा वाद जुना होता. घरात सगळे त्याला तात्या म्हणायचे, पण वर्ष झालं, कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं.

“कागद घे,” वडील म्हणाले. “पाटबंधाऱ्याच्या शाखाधिकाऱ्याला अर्ज लिही. तात्यानं रात्री दारं फोडून आमचं पाणी पळवलं. एक प्रत पोलीस ठाण्यालाही देणार आहे.”

मुलीनं लिहायला घेतलं. गावाचं नाव, गट नंबर, पाळीची तारीख लिहून झाली. ‘तात्यानं’ असं लिहिण्याआधी तिचा पेन थांबला.

“अण्णा, तात्यांना दारं फोडताना तुम्ही पाहिलं?”

“पाहायचं काय त्यात? त्याचं रान भिजलंय.”

मुलीनं अर्ज बाजूला ठेवला आणि दुसऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं ‘पाहिलेलं’, दुसऱ्या बाजूला ‘ताडलेलं’. पाणी दोन वाजता बंद झालं, हे पाहिलेलं. तात्यांचं रान सकाळी ओलं होतं, हेही पाहिलेलं. तात्यांनी दारं फोडलं, हे दुसऱ्या रकान्यात गेलं. बांधाचा वाद खरा होता, पण वाद आहे म्हणून चोरी केली, हेसुद्धा ताडलेलंच. ज्या एका वाक्यासाठी अर्ज लिहायचा, नेमकं तेच वाक्य पहिल्या रकान्यात कुठं बसेना.

“तू त्याची बाजू घेतेस?” वडिलांचा आवाज चढला.

“नाही अण्णा. तात्यांनी पाणी नेलं असेलही. पण आपण एक गोष्ट धरून चाललोय, की त्यांच्या रानाला चारीशिवाय दुसरीकडून पाणी येऊच शकत नाही. ती उलटी करून बघा. दुसरीकडून येऊ शकत असेल तर?”

वडील गप्प झाले. तात्याच्या रानात विहीर होती, आणि त्या आठवड्यात शेतीपंपांना थ्री फेज लाईट रात्रीची होती. हे त्यांना ठाऊक होतं. रागाच्या भरात आठवलं नव्हतं, इतकंच.

“चला, बांधावरून बघून येऊ,” मुलगी म्हणाली.

ऊन तापायच्या आत दोघं रानात गेली. तात्याच्या उसात पाणी कुठून कुठवर गेलंय, हे बांधावरून स्वच्छ दिसत होतं. विहिरीकडच्या सऱ्यांत अजून पाणी साचलेलं होतं. तिथून ओल विरत विरत चारीच्या अलीकडं आठ-दहा हातांवर संपली होती. चारीला लागून असलेली सऱ्यांची तोंडं कोरडी ठणठणीत, भेगाळलेली. दारं फोडून पाणी घेतलं असतं, तर हीच तोंडं सगळ्यांत आधी भिजली असती.

वडील बराच वेळ त्या भेगांकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, “मग आपलं पाणी गेलं कुठं?”

“ते अजून माहीत नाही,” मुलगी म्हणाली. “तात्यांचं पाणी विहिरीचं, एवढंच कळलं. आपलं का थांबलं, हा प्रश्न वेगळा. त्याला पाटकऱ्यालाच विचारलं पाहिजे.”

पाटकरी चारीच्या वरच्या अंगाला भेटला. रात्री तिथं भराव खचून पाणी ओढ्याला लागलं होतं. ते थांबवायला त्यानं दोन वाजता चारीचं गेट पाडलं होतं. खालच्या सगळ्याच शेतकऱ्यांचं पाणी त्यामुळं तुटलं होतं. त्याच रात्री तात्यानं मोटर चालवली होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती.

घरी आल्यावर मुलीनं अर्ज नव्यानं लिहिला. त्यात पाणी किती वाजता बंद झालं ते होतं, किती क्षेत्र भिजायचं राहिलं ते होतं, भराव दुरुस्त करून राहिलेली पाळी भरून द्यावी अशी विनंती होती. नाव कुणाचंच नव्हतं. वडिलांनी अर्ज दोनदा वाचला आणि सही केली. “पहिला अर्ज गेला असता तर जन्माचं वैर झालं असतं,” ते म्हणाले. “आणि वर खोटा मीच ठरलो असतो.”

बांधाचा वाद त्या दिवशी मिटला नाही. तो खराच होता आणि त्याला मोजणीच हवी होती. पण न केलेल्या चोरीचा आळ त्या वादात मिसळला नाही. म्हणूनच पुढं मोजणीच्या दिवशी दोन्ही घरची माणसं एका जागी उभी राहू शकली.

मुलगी पुन्हा सरावाला बसली. आता ती प्रश्नाचा शेवटचा शब्द वाचेपर्यंत उत्तराकडं बघत नव्हती. एक आकृती जमली की दुसरी जमते का, हे आधी तपासायची. ‘माहिती अपुरी आहे’ या पर्यायावर खूण करायची वेळ आली, तर बिचकत नव्हती. आत्याला तिनं फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा आत्या म्हणाली, “परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. गावात आणि कोर्टात कापतात. आणि आपलं उत्तर चुकलं की भरपाई दुसऱ्याला करावी लागते.”

तात्पर्य: डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनानं ताडलेलं यांच्यामधली रेघ पुसू देऊ नये. माहिती अपुरी असेल, तर तसं स्पष्ट म्हणावं आणि तिथंच न थांबता उरलेली माहिती मिळवायला निघावं. दुसऱ्यावर दोष ठेवण्याचा अधिकार, आपल्या म्हणण्याविरुद्धची प्रत्येक वाजवी शक्यता तपासून झाल्यावरच मिळतो.