दान आणि दाम

‘दान’ या शब्दाला आपल्या भाषेंत इतकें पावित्र्य चिकटलेलें आहे कीं, तो उच्चारतांच पुढील विचार करण्याचें आपण टाळतों. अपत्यहीन दांपत्यास परक्या स्त्रीचें बीज मिळवून देण्याच्या वैद्यकीय व्यवहारासही आपण ‘स्त्रीबीजदान’ म्हणतों. परंतु त्या स्त्रीनें मोबदला घ्यावा कीं नाहीं, हा प्रश्न या नांवानें सुटत नाहीं. तो केवळ झांकला जातो.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. दात्रीस सुमारें दहा-बारा दिवस संप्रेरकांचीं इंजेक्शनें घ्यावीं लागतात आणि शेवटीं गुंगी देऊन सुईनें बीजें काढलीं जातात. क्वचित् अंडाशय फाजील उत्तेजित होऊन तिची प्रकृति गंभीरपणें बिघडते. आपल्याकडील २०२१ च्या कायद्यानें बीजाची विक्री निषिद्ध ठरविली, आयुष्यांत एकदांच व सातांहून अधिक बीजें काढूं नयेत असा निर्बंध घातला, आणि दात्रीचा बारा महिन्यांचा विमा घेणाऱ्या पक्षानें उतरावा असें ठरविलें. हें योग्यच झालें.

परंतु या व्यवहारांत डॉक्टर शुल्क घेतात, प्रयोगशाळा घेते, औषधविक्रेताही घेतो; त्यांस कोणी लोभी म्हणत नाहीं. ज्या पंगतींत सर्वजण जेवतात, तींत उपवासाचें व्रत वाढणारीवरच कां? तें तिनें स्वेच्छेनें घेतलें असेल तर वंद्य होय; इतरांनीं लादलें असेल तर ती वेठ होय.

उलट पक्षाचें म्हणणेंही हलकें नाहीं. रिचर्ड टिटमस यांनीं १९७० सालीं रक्तदानावरील ग्रंथांत दाखविलें कीं, पैसा शिरला म्हणजे परोपकारबुद्धि ओसरते. अमेरिकेंत तर दात्रीचें रूप व शिक्षण पाहून रक्कम ठरल्याचीं उदाहरणें आहेत. तेथें माणसाचाच भाव होतो, हें उघड आहे.

आमच्या मतें भेद येथें करावा. बीजाचें मोल करूं नये. कष्टाचें मात्र अवश्य करावें. ब्रिटननें २०१२ मध्यें प्रत्येक दानामागें ७५० पौंडांची सरसकट भरपाई ठरविली व पुढें ती वाढविली. बीजें किती निघालीं किंवा दात्री किती शिकली, यावर ती अवलंबून नाहीं. गरजू स्त्रीस एवढ्याचाही मोह पडेल, हें खरें. परंतु तिला रिक्त हस्तें परत पाठविल्यानें तिची गरज नाहींशी होत नाहीं.

वाचकांनीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा : ज्या अटींवर आपल्या मुलीस आपण हें करूं देणार नाहीं, त्या अटींवर दुसऱ्याच्या मुलीकडून ‘दान’ कसें घ्यावें?