गाळातली मोजदाद

विदर्भ एक्सप्रेस दुपारी गोंदियाहून निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला पोहोचते. शिंपल्यांवर संशोधन करायचं म्हणणाऱ्या इथल्या मुलामुलींनी ही गाडी पकडायलाच हवी, असं सगळे धरून चालतात. त्यात तथ्य आहे. रत्नागिरीचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८चं, वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ची, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ची. प्रयोगशाळा तिकडे, मार्गदर्शक तिकडे, प्रकल्पही तिकडेच. तिसऱ्या, कालवं, शिनाणे यांना बाजारात भाव आहे. भाव आहे म्हणून त्यांच्याविषयी प्रश्न विचारले जातात आणि प्रश्न विचारले जातात म्हणून पैसा मिळतो. गोंदियाच्या तलावातल्या शिंपल्याला असा भाव नाही. त्यामुळे त्याच्यामागे लागलेल्या नव्या संशोधकाला घरात, गावात आणि मुलाखतीच्या टेबलासमोर एकच प्रश्न ऐकावा लागतो : याचा उपयोग काय?

हा प्रश्न वाईट नाही, पण तो फार लवकर विचारला जातो. जो प्राणी कुठे आहे, किती आहे, किती वर्षं जगतो हेच धड नोंदलेलं नाही, त्याचा उपयोग कुणी कशाच्या आधारावर सांगायचा? आधी मोजदाद, मग उपयोग. अडचण अशी की मोजदाद करणारा एक आणि तिचं फळ खाणारा दुसरा, बहुधा कितीतरी वर्षांनी येणारा. नव्या संशोधकाच्या आयुष्यातला खरा पेच हा आहे.

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात माजी मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. लोक त्यांना सरळ मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले. नवेगावबांध हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. त्याहून लहान त्या बोड्या, त्या तर गावोगाव. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं तेव्हा काठच्या चिखलात बोटाएवढी रुंद, वाकडीतिकडी रेघ दिसते. रेघेच्या टोकाला हात घातला की कडक धार लागते. तो लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, आपल्या तलावांतला नेहमीचा मोठा शिंपला. कवच बाहेरून काळपट-तपकिरी, बिजागरीजवळ झिजलेलं, आतून मोतिया. व्हर्नियर कॅलिपरने लांबी, उंची, जाडी घ्यायची, पेन्सिलीने वहीत लिहायची (शाईचा काही भरवसा नसतो) आणि जनावर होतं तसं, पायाची बाजू खाली करून पुन्हा चिखलात रोवायचं. चौरस मीटरची चौकट उचलून पुढे ठेवायची आणि पुन्हा तेच. कामाचा मोठा भाग एवढाच असतो. चित्रपटात दाखवावं असं त्यात काही नाही.

एवढ्या साध्या कामातही शिंपला सहज हाती लागत नाही. त्याच्या कवचावर वाढीच्या रेघा असतात. थंड प्रदेशात हिवाळ्यात वाढ थांबते, वर्षाला एक ठळक रेघ उमटते आणि रेघा मोजून वय सांगता येतं. युरोपातल्या नद्यांतला मोत्याचा शिंपला शंभराहून अधिक वर्षं जगतो, हे अशाच रेघांवरून कळलं. आपल्या तलावात पाणी आटलं तरी रेघ उमटते, पाणी गढूळ झालं तरी उमटते. मग वय कसं काढायचं? कवचावर खूण करून शिंपला सोडायचा, पुढच्या वर्षी तोच शोधायचा, त्याच्या पुढच्या वर्षीही शोधायचा. जिथे पाऊस ठरवतो की तलाव भरेल की नाही, तिथे या अभ्यासाला घाई करता येत नाही.

त्यात शिंपल्याचं बालपण माशावर अवलंबून. मादीच्या कल्ल्यांत पिल्लं वाढतात. पाण्यात सोडली की त्यांना माशाच्या कल्ल्याला किंवा परांना चिकटून काही दिवस काढावे लागतात, मगच ती सुटून गाळात बसतात. मासा भेटला नाही तर सगळी पिढी वाया. तलावात बाहेरून आणलेलं मत्स्यबीज सोडलं, स्थानिक मासे कमी झाले, तर आज दिसणारे मोठे शिंपले ही शेवटची पिढी असू शकते आणि काठावर उभं राहून ते कळणार नाही. शिंपले भरपूर आहेत एवढं पाहून चालत नाही, लहान शिंपले किती आहेत हे पाहावं लागतं. मोजदादीचा अर्थ तिथे उघडतो.

मोजदादीचं फळ उशिरा कसं येतं याचं उत्तम उदाहरण विदर्भातच आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५मध्ये नागपूरला आला. शाळा चालवता चालवता तो आसपासचे खडक फोडत हिंडायचा. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेल्या जुन्या तळ्यांच्या गाळात त्याला गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे आणि शिंपल्यांचे जीवाश्म मिळाले आणि १८६०मध्ये त्यांची सविस्तर वर्णनं छापून आली. १८६३मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात बुडून तो गेला. आज दख्खनच्या लाव्ह्याचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या उलथापालथीचा अभ्यास करणाऱ्यांना त्याच शंखशिंपल्यांकडे परत यावं लागतं. ज्या प्रश्नांसाठी ते आज उपयोगी पडतात त्यांतले बरेच प्रश्न हिस्लॉपच्या हयातीत कुणी विचारलेही नव्हते. समुद्र नसलेल्या या मुलखात शंखशिंपल्यांचा इतिहास असा कोट्यवधी वर्षांचा आहे.

दुसरं उदाहरण कोकणातलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लोकांच्या लघवीतून रक्त जायचं. १९५२मध्ये गाडगीळ आणि शाह यांनी दाखवून दिलं की हा शिस्टोसोमा या कृमीचा आजार आहे. कृमीचं अर्धं आयुष्य गोगलगायीच्या शरीरात जातं, म्हणून गोगलगाय शोधणं भाग होतं. सापडली ती फेरिसिया टेन्युइस, जेमतेम काही मिलिमीटरची, टोपीच्या आकाराची, दगडाला चिकटून बसणारी. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण कुणीतरी आधी अशा किरकोळ जीवांची वर्णनं करून ठेवली होती, म्हणून तिला नावाने ओळखता आलं आणि रोगाचा माग लागला. नाव ठेवणाऱ्याला गिमवी ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

आता हाच हिशेब आजच्या फेलोशिपला लावून बघा. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली तर २०२३पासून महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात आणि सगळी मुदत मिळून पाच वर्षं. या पाच वर्षांत शोधनिबंध हवेत, तेही नव्या निष्कर्षांचे. 'अमुक तलावात अमुक जातीचे इतके शिंपले सापडले' हा निष्कर्ष कुणाला नवा वाटत नाही. शिवाय घरी विचारणा असतेच, लग्नाची आणि नोकरीची. मग संशोधक शहाणा होतो. शिंपल्यांच्या ऊतींत जड धातू किती, अर्काचा जिवाणूंवर परिणाम काय, असे प्रयोगशाळेत लवकर आटपणारे विषय तो घेतो. ते विषय खोटे नाहीत, पण तलावाकडे मात्र पाठ फिरते. नाहीतर मोत्यांचा मार्ग असतो. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोडेपाणी मत्स्यपालन संस्थेने याच शिंपल्यांत मोती तयार करण्याची पद्धत बसवली आणि 'उपयोग काय' याला एकदम चकचकीत उत्तर मिळालं. पण मोत्यासाठी लागणारे शिंपले बहुतेक तलावांतूनच वेचून आणतात. तलावात ते किती आहेत, किती उचलले तर चालतील, हे सांगायला पुन्हा मोजदादच लागते.

माणसांचं लक्ष कुठे जातं ते गोंदियातच बघायला मिळतं. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः याच जिल्ह्यात. त्यांची गणना होते तेव्हा शेतकरी, विद्यार्थी, स्वयंसेवक पहाटे धानाच्या बांध्यांत उभे असतात आणि वर्तमानपत्रांत आकडा छापून येतो. हे चांगलंच आहे. उंच, देखण्या, जोडीने फिरणाऱ्या पक्ष्यासाठी माणसं उठतात. तो पक्षी ज्या बोडीत चरतो तिथल्या गोगलगायींसाठी कुणी उठत नाही. घोंगल्या फोडा करकोचा तर त्यांच्यावरच जगतो. वरचं मोजायचं आणि खालचं गृहीत धरायचं, अशी ही सवय आहे.

खालचं माहीत असणारी माणसं इथे आहेत. ढीवर समाजातल्या जुन्या जाणत्यांना कुठल्या वनस्पतीखाली कुठला मासा अंडी घालतो ते ठाऊक असतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात अभ्यासक मनीष राजनकर आणि ढीवर समाजाच्या मत्स्य संस्थांनी याच ज्ञानाच्या आधारावर तलावांतलं बेशरम हे तण उपटलं, पाणवनस्पती पुन्हा लावल्या, स्थानिक मासे परत आणण्याचा प्रयत्न केला. नव्या संशोधकाने तलावात उतरण्याआधी मत्स्य संस्थेच्या अध्यक्षांना विचारायचं असतं. ते शिष्टाचार म्हणून तर आहेच, पण पहिली चांगली माहितीही तिथेच मिळते. कुठल्या तलावात पूर्वी पाय ठेवला की शिंपला लागायचा, हे सांगणारा म्हातारा हा आपल्याकडे असलेला एकमेव जुना आकडा असतो. तो लिहून घेणं हेही विज्ञानच आहे, आणि त्याचा संदर्भ देताना सांगणाऱ्याचं नाव गाळता कामा नये.

घाई कशाची आहे, असं कुणी विचारेल. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७मध्ये सुरू झाली. मामा तलावांत गाळ साचलाय, तो काढलाच पाहिजे. साठवण वाढते, शेताला सुपीक माती मिळते. पण शिंपला राहतो तो याच गाळात. जेसीबीच्या बकेटबरोबर तोही ट्रॉलीत चढतो आणि बांधावर उन्हात पडतो. सगळा तलाव एकाच उन्हाळ्यात खरवडला, तर परत वस्ती करायला मागे कुणी राहत नाही. एक पट्टा न उकरता ठेवला, अर्धा यंदा आणि अर्धा दोन वर्षांनी केला, तर दोन्ही साधतं. त्याला जास्तीचा खर्चही फारसा नाही. फक्त कुठला पट्टा ठेवायचा हे सांगायला तिथे आधी कुणीतरी मोजलेलं असावं लागतं.

म्हणून नव्या संशोधकाला उपदेश करण्यापेक्षा त्याच्या कामाला जागा करून देणं बरं. एका तालुक्यातल्या तलावांचं नीट केलेलं सर्वेक्षण हा पीएचडीचा पूर्ण विषय मानावा. त्याचे आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत जावेत, म्हणजे संशोधक नोकरीसाठी मुंबईला गेला तरी आकडे गावात राहतील. आणि गाळ काढण्याच्या अंदाजपत्रकात किती घनमीटर गाळ निघणार ही ओळ असतेच. त्याखाली आणखी एक ओळ सक्तीची करावी : या गाळात काय राहतं, कुणी मोजलं, कधी मोजलं.