न रचलेल्या संगीताची सुपारी

गुढीपाडव्याला नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची पुढारी मंडळी येतात, यात्रेची तारीख सांगतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. आपण कशाचे पैसे देतोय हे गावाला पक्कं ठाऊक असतं. फड नावाजलेला असतो, ढोलकीचा हात ऐकलेला असतो. पण जे अजून कुणी ऐकलेलंच नाही, रचणाऱ्याच्या डोक्यातही धड आलेलं नाही, त्याची सुपारी कोण देईल?

न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात 1943 साली ती दिली गेली. खाटेवर बेला बार्टोक हा हंगेरियन संगीतकार होता. वजन चाळीस किलोच्या आसपास उतरलेलं. कोलंबिया विद्यापीठातलं लोकगीतांचं काम संपलेलं, मायदेश युद्धात सापडलेला, आणि बरीच वर्षं नवी मोठी रचना हातून झालेली नव्हती. स्वभाव असा मानी की कुणी मदत म्हणून पैसे पुढे केले तर परत करायचा. म्हणून व्हायोलिनवादक योझेफ सिगेटी आणि वाद्यवृंद-संचालक फ्रिट्झ रायनर या मित्रांनी त्याच्या नकळत बोस्टन सिंफनी वाद्यवृंदाचे संचालक सर्गेई कुसेवित्स्की यांना गाठलं. कुसेवित्स्कींनी दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ नुकताच एक न्यास काढला होता. ते इस्पितळात आले ते काम घेऊन: ऑर्केस्ट्रासाठी एक रचना, मोबदला हजार डॉलर, निम्मी रक्कम आधी. आपल्याच्यानं पूर्ण होईल की नाही या शंकेनं बार्टोक घुटमळला. न्यासाचा निर्णय झालेला आहे, पैसे आता परत घेता येत नाहीत, असं त्याला सांगण्यात आलं.

त्या ऑगस्टच्या मध्यावर तो सॅरनॅक लेकच्या थंड हवेत लिहायला बसला आणि 8 ऑक्टोबरला ‘कॉन्चेर्तो फॉर ऑर्केस्ट्रा’ पूर्ण झालं. जेमतेम आठ आठवडे. डिसेंबर 1944 मध्ये बोस्टनला ते पहिल्यांदा वाजलं. पुढच्या सप्टेंबरात बार्टोक गेला. विसाव्या शतकातल्या सर्वाधिक वाजवल्या जाणाऱ्या वाद्यवृंद-रचनांमध्ये आज या कॉन्चेर्तोची गणना होते.

मराठीत कलावंताला द्यायच्या पैशांचे शब्द नेमके आहेत. बिदागी म्हणजे निरोप घेताना, गाणं झाल्यावर. वर्षासन म्हणजे माणूस आपला म्हणून, दर वर्षी. इसार मात्र जमिनीच्या व्यवहारातला. नव्या संगीताला लागतो तो इसार, आणि नेमका तोच द्यायला सगळे कचरतात. झालेल्या कामाला शाल-श्रीफळ देण्यात धोका नसतो, फोटोही चांगला येतो. न झालेल्या कामाला पैसे देणारा माणसावर डाव लावतो, आणि तो हरूही शकतो.

डाव लावणाऱ्याच्या बोटांचे ठसे कामावर उमटतात हेही खरं. एलिझाबेथ स्प्रेग कूलिज या संगीतवेड्या धनिक बाईंच्या न्यासानं ॲरन कोपलंडला मार्था ग्रॅहमच्या नृत्यासाठी संगीत सांगितलं, मोबदला पाचशे डॉलर. प्रयोग होणार होता वॉशिंग्टनला, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बाईंनीच बांधून दिलेल्या छोट्या सभागृहात. वादकांना जागा बेताची, म्हणून कोपलंडनं तेराच वाद्यं घेतली. ‘ॲपलाचियन स्प्रिंग’चा तो नितळ, विरळ नाद अशा जागेच्या टंचाईतूनही आला आहे. 1945 चं पुलित्झर पारितोषिक त्याला मिळालं.

हजार, पाचशे हे आकडे चिल्लर वाटतील, पण खर्च रचनाकाराच्या मानधनाशी थांबत नाही. संगणकाच्या आधीच्या काळात सिंफनीचं मोठं हस्तलिखित तयार झालं, की त्यातून प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी उतरवून काढावी लागे. पहिल्या व्हायोलिनचे कागद वेगळे, बासरीचे वेगळे, नगाऱ्याचे वेगळे. एक स्वर चुकीचा उतरला तर तालमीत साठ-सत्तर पगारी माणसं हात बांधून बसत आणि घड्याळ चालू राही. ही नकलनविशी कुणाच्या जाहिरातीत बसणारी नव्हे. तरीही 1939 मध्ये स्थापन झालेलं अमेरिकन म्युझिक सेंटर वर्षानुवर्षं नेमक्या याच कामासाठी संगीतकारांना पैसे देत असे. अनुदानाच्या इतिहासात इतकं शहाणपणाचं कलम क्वचितच सापडेल. 1974 मध्ये जॉन डफी यांनी ‘मीट द कंपोझर’ ही संस्था सुरू केली. तिनं संगीतकारांना पैसे देऊन श्रोत्यांसमोर आणलं, आणि 1982 पासून त्यांना मोठ्या ऑर्केस्ट्रांमध्ये दीर्घ मुदतीसाठी बसवलं. सॅन फ्रान्सिस्कोत जॉन ॲडम्सचं ‘हार्मोनीलेरे’ याच काळात आकाराला आलं. 2011 मध्ये या दोन संस्था एक होऊन ‘न्यू म्युझिक यूएसए’ झाली.

तिकिटं खपली की प्रश्न मिटतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी संगीतकार फिलिप ग्लासकडे पाहावं. नोव्हेंबर 1976 मध्ये त्याच्या ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ या ऑपेराचे दोन्ही प्रयोग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये हाउसफुल्ल झाले, आणि डोक्यावर मोठं कर्ज राहिलं. ग्लास पुन्हा टॅक्सी चालवू लागला. तो प्लंबिंगही करत असे. सोहोतल्या एका घरी भांडी धुण्याचं यंत्र बसवत असताना घरमालक, ‘टाइम’चे कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूज, त्याला ओळखून चकित झाले, हा किस्सा त्यानंच सांगितला आहे. बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी 1966 मध्येच यातली गोम दाखवली होती. कारखान्यात माणशी उत्पादन वाढतं, तसे पगार वाढतात. चार वादकांच्या अर्ध्या तासाच्या रचनेला मात्र शंभर वर्षांनीही चारच वादक आणि अर्धाच तास लागतो. पगार तर त्यांनाही जगण्याइतके हवेत. तूट ही इथे गलथानपणाची खूण असतेच असं नाही.

ग्लासची टॅक्सी सुटली ती एक्केचाळिसाव्या वर्षी. हात देणाऱ्यांत रॉटरडॅम शहर होतं. तिथून आलेल्या कामातून 1980 मध्ये ‘सत्याग्रह’ हा ऑपेरा उभा राहिला. विषय गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं, शब्द सगळे भगवद्गीतेतले, संस्कृतातच गायलेले. डच नगरपालिकेच्या पैशातून गीता ऑपेराच्या रंगमंचावर गेली, ही गंमत आपल्याकडे फारशी कुणी मिरवत नाही.

अमेरिकन सरकारनं मात्र नंतर हात आखडता घेतला. काही वादग्रस्त कलाकृतींवरून काँग्रेसमध्ये गदारोळ झाला, आणि राष्ट्रीय कलानिधीची तरतूद 1995 मधल्या सुमारे 16 कोटी डॉलरांवरून पुढच्या वर्षी 10 कोटींच्या आत आली. बहुतेक कलाप्रकारांत व्यक्तीला थेट अनुदान देणंच बंद झालं. आता संगीतकाराला एखाद्या ना-नफा संस्थेचा खांदा शोधावा लागतो. अर्ज तिच्या नावानं, हिशेब तिचा, आणि त्याबद्दल काही टक्के तिला. पैसेही बहुधा ठरावीक प्रकल्पापुरते. कचेरीचं भाडं आणि हिशेबनीसाचा पगार त्यात बसवताना संस्था मेटाकुटीला येतात.

आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्यानं सामाजिक जबाबदारीच्या खर्चात कलेला जागा दिली. पण त्या कलमातले शब्द पाहावेत: राष्ट्रीय वारसा, पारंपरिक कला, जतन. जतन जुन्याचंच होतं. केंद्राच्या सांस्कृतिक खात्याची शिष्यवृत्ती आहे; वरिष्ठांना महिना 20,000 रुपये, कनिष्ठांना 10,000, दोन वर्षं. 1993 मध्ये बंगळुरूत स्थापन झालेल्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारख्या संस्था न झालेल्या कामावर डाव लावतात, पण अशा संस्था मोजायला दोन्ही हातांची बोटंही लागत नाहीत. शिवाय ख्यालगायकाकडून ‘रचना’ मागवायची तरी कशी? त्याला हवा असतो निवांत वेळ. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात तो दिला. महाराज 1922 मध्ये गेले, आणि खाँसाहेबांना मुंबई गाठावी लागली.

एकाच खांबावरचा तंबू असा असतो, तिकडे अमेरिकेतही. किराना घराण्याचे पंडित प्राणनाथ 1970 मध्ये अमेरिकेत गेले. संगीतकार ला मॉन्टे यंग आणि मॅरियन झाझीला हे दांपत्य त्यांचं गंडाबंध शिष्य झालं. यंगच्या प्रदीर्घ, जवळजवळ न हलणाऱ्या सुरांच्या ‘ड्रीम हाउस’साठी दिया आर्ट फाउंडेशननं 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या जुन्या मर्कंटाइल एक्स्चेंजची अख्खी इमारत दिली. दियाचा पैसा श्लमबर्जे या तेलक्षेत्रातल्या कंपनीच्या शेअरचा. ऐंशीच्या दशकात तेल उतरलं, शेअर उतरला आणि 1985 मध्ये इमारत गेली. 1993 मध्ये ‘ड्रीम हाउस’ पुन्हा सुरू झालं ते चर्च स्ट्रीटवर, त्या दोघांच्या राहत्या घराच्या वरच्या मजल्यावर. जांभळ्या-गुलाबी उजेडात अखंड सूर, दाराशी काढून ठेवलेले बूट, आणि देणगी ऐच्छिक.