माईंची वही

ज्या गावात मराठी विश्वकोशाचे खंड तयार झाले, त्या वाईत राहून आपणही एखादा छोटासा कोश करावा असं निवृत्तीनंतर अण्णांच्या मनाने घेतलं. शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं आणि सुट्टीच्या दिवशी पसरणीच्या घाटापासून धोम धरणापर्यंतचं रान पायाखाली घातलं होतं. टाकळा, कुर्डू, आघाडा, भारंगी. कुठल्या वाडीत कुठल्या झाडाला काय म्हणतात, कुठला पाला भाजीला चालतो, कुठला गुरंही तोंडात धरत नाहीत, हे सगळं ते रोज सकाळी संगणकावर टाइप करत. ज्या म्हाताऱ्या बायकांनी त्यांना ही नावं सांगितली होती, त्यातल्या बऱ्याच जणी आता हयात नव्हत्या.

संगणक 2014 सालचा. 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. त्या पावसाळ्यात तो हळूहळू मंदावत गेला. बटण दाबून अंघोळीला जावं आणि येऊन पाहावं तर पडद्यावर अजून चक्र फिरतंच आहे, अशी गत झाली.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजाऱ्यांनी एक फुकटचं क्लीनर टाकून दिलं, ‘कचरा साफ होईल’ म्हणाले. दुसऱ्या कुणीतरी आणखी एक अँटीव्हायरस टाकायला लावला. एक आधीच होता; आता दोघंही प्रत्येक फाइल तपासू लागले आणि संगणक आणखी रखडला. अण्णांनी दुकानात फोन केला, तर दुकानदार संगणक न बघताच म्हणाला, “रॅम कमी पडतेय, काका.” अण्णांनी पैसे मोजले, आणखी 4 जीबी रॅम बसवून घेतली. फरक शून्य. त्यानंतर तोच दुकानदार म्हणाला की आता नवाच घ्या, याचं आयुष्य संपलं.

शेवटी पुण्याला आयटीत असलेल्या पुतण्याचा फोन आला. “काका, डोकं लावू नका. रविवारी येतो, फॉरमॅट मारतो, एकदम नव्यासारखा चालेल.”

यातलं कुणी खोटं बोलत नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. रॅम वाढवल्याने धावू लागलेले संगणक मी पाहिले आहेत, फॉरमॅटनंतर सुधारलेलेही पाहिले आहेत. प्रत्येकाने आपल्या अनुभवातलं औषध दिलं. पण ते पेशंटला न बघता दिलं.

अण्णांच्या पत्नी माई, त्यांच्या मनाला ते पटेना. माई ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होत्या. रात्रपाळीला वॉर्डात आलेल्या पेशंटला डॉक्टर येईपर्यंत सिस्टर काय करते? ताप बघते, नाडी मोजते, श्वास मोजते आणि तक्त्यावर वेळ घालून लिहिते. कधीपासून, किती, कशाने वाढतं, कशाने उतरतं. तो तक्ता नसेल तर डॉक्टरही अंदाजच करणार.

“अहो, रविवारला अजून चार दिवस आहेत,” त्या म्हणाल्या. “तोवर याला काही टाकू नका, काही काढू नका. मी नुसतं लिहून ठेवते.”

“अगं, तुला त्यातलं काय कळतं?”

“काही नाही. म्हणून तर लिहिते.”

जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं शिवून केलेली त्यांची एक वही होती. एरवी तिच्यात दुधाचा हिशेब असे. तिच्या मागच्या पानावर नोंदी सुरू झाल्या:

“सकाळी 9.10 ला बटण दाबलं. 9.19 ला चित्रं स्थिर झाली.

नेटची वायर काढून पाहिली. तरी तसंच.

डब्याला हात लावला. गार आहे. पंख्यात धूळ नाही.

टाइप करताना अडत नाही. सेव्ह केलं की दोन मिनिटं गोठतो.

2021 चे फोटो लगेच उघडतात. 2016 चे उघडले की आतून कर्र-टक्, कर्र-टक् असा आवाज. पुन्हा उघडून पाहिले. पुन्हा तोच आवाज.”

या पाच नोंदींत सगळं होतं, फक्त माईंना ते ठाऊक नव्हतं. नेट काढूनही हळू, म्हणजे दोष नेटचा नाही. डबा गार, म्हणजे प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतोय असंही नाही. टाइप करताना ठीक आणि सेव्ह करताना ठप्प, म्हणजे गाडी डिस्कशी येऊन अडतेय. आणि ठरावीक फोटोंनाच आवाज येतो, म्हणजे डिस्कवरच्या ठरावीक जागीच दुखतंय.

शुक्रवारी माईंनी बाजारपेठेत दुरुस्तीचं छोटं दुकान चालवणाऱ्या मुलीला घरी बोलावलं. ती आली ती आधी संगणकाकडेच वळली; माईंनी तिच्या हातात वही दिली. तिने उभ्यानेच वाचली. 2016 च्या ओळीवर बोट ठेवून तिने दोनदा वाचलं.

“माई, हे 2016 चे फोटो त्यानंतर कुणी उघडले का?”

“नाही.”

“आता उघडूही नका.”

तिने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि अण्णांना जवळ बोलावलं. सीपीयू 7 टक्के. मेमरी 40 टक्के. डिस्क 100 टक्के. “बघा, मास्तर. रॅम निम्मीसुद्धा लागत नाहीये. डिस्क मात्र पूर्ण वेळ कामात आहे, आणि इतकं राबून सेकंदाला काहीशे केबीच हाती देतेय. एका मागणीला उत्तर द्यायला हजारो मिलिसेकंद घेतेय.” मग तिने पेन ड्राइव्हवरून क्रिस्टलडिस्कइन्फो चालवला. हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवत असते. हा प्रोग्रॅम ती वाचून दाखवतो. पिवळा चौकोन आला. खाली एक ओळ होती: वाचता न आलेल्या, निकालाची वाट पाहणाऱ्या जागांची. तिथे शून्य असायला हवं होतं. ते नव्हतं.

अण्णांना तिने नीट समजावून सांगितलं, कारण त्यांना समजून घ्यायचं होतं. अशा डिस्कमधली चकती मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120, आणि वाचणारं टोक तिच्यावर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. एखादी जागा खराब झाली की डिस्क हार मानत नाही, ती पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते. कर्र-टक् हा आवाज त्या प्रयत्नाचा. तेवढा वेळ सगळा संगणक तिच्या तोंडाकडे बघत थांबतो. बाहेरून आपण म्हणतो, हळू झालाय.

“म्हणजे मंदपणा हा रोगच नाही,” अण्णा म्हणाले.

“नाही. डिस्क शेवटचं सांगत होती, आणि तिला गप्प करायला आपण एकेक औषध देत होतो. क्लीनरने, दोन अँटीव्हायरसनी सगळी डिस्क पुन्हा पुन्हा चाळायला लावली. रविवारी फॉरमॅट झाला असता तर तुमच्या फाइलींवरच नवं विंडोज लिहिलं गेलं असतं. आणि तेही याच मोडक्या डिस्कवर.”

तिने तिथल्या तिथे संगणक बंद केला, डिस्क काढली आणि दुकानात नेऊन दुसऱ्या संगणकाला जोडली. क्रम तिने माईंना विचारून ठरवला. आधी कोशाचा फोल्डर. तो काही एमबींचाच होता, मिनिटात उतरला. मग डीडीरेस्क्यू लावलं. हा प्रोग्रॅम धडधाकट भाग आधी उचलतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो आणि सगळं हाती लागल्यावर मग त्या अवघड जागांकडे वळतो. रात्रभर ते चाललं. सकाळी मुलगी दुकानात आली तेव्हा डिस्क टकटक करत होती. दुपारनंतर संगणकाने तिला ओळखलंच नाही.

कोश पूर्ण वाचला. 2021 चे फोटो आले, लग्नाचे आले. 2016 चे निम्म्याहून अधिक आले. बाकीचे गेले. गेलेल्यांत अण्णांच्या आईच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो होते. आवाज पहिल्यांदा आला तेव्हाच डिस्क काढली असती तर ते मिळाले असते का, असं अण्णांनी विचारलं. मुलीने खरं तेच सांगितलं: “बहुतेक मिळाले असते.”

संगणक तोच राहिला. त्यात एसएसडी बसली. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि इतका जुना प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाही, म्हणून तिने लिनक्स मिंट टाकून दिलं. मराठी टायपिंग त्यातही होतं. आता बटण दाबल्यावर अर्ध्या मिनिटात काम सुरू होतं. कोशाची एक प्रत संगणकात आहे, एक बाहेरच्या डिस्कवर कपाटात, आणि एक अण्णा-माईंच्या लेकीच्या घरी मुंबईला. पुतण्या रविवारी आला तो माईंची वही वाचत बसला. अण्णांनी त्याला एका शब्दानेही दुखावलं नाही.

वाचकहो, घरातला संगणक मंदावला असेल तर कुणालाही फोन लावण्याआधी दोन कामं करा. जे पुन्हा कधीच मिळणार नाही ते आज, आत्ता दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा. मग एक कागद घ्या आणि लिहा: कधीपासून, काय करताना, कशाने वाढतं, काही आवाज येतो का. दुरुस्तीला येईल त्याच्या हातात संगणकाच्या आधी तो कागद द्या. तो वाचायलाही कुणी तयार नसेल, तर संगणक त्याच्या हाती देऊ नका.