रविवार कोणाचा?

गुरुग्रामच्या जुन्या वस्तीत एका तीन मजली घराच्या मधल्या मजल्यावर आम्ही राहतो आणि दिल्लीतील एका केंद्रीय कार्यालयात कारकुनी करतो. केंद्र सरकारने १९८५ साली आपल्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लावून दिला, त्यामुळे आमच्यासारख्याला दोन दिवस मोकळे मिळतात. पैकी शनिवार बाजारहाट आणि मुलांचा अभ्यास यांत खर्ची पडतो. रविवारी सकाळी मात्र सज्जात चहाचा पेला आणि एखादे मासिक घेऊन निवांत बसावे, यापलीकडे आमची अपेक्षा नसते.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी आठाच्या ठोक्याला वरच्या मजल्यावर भिंत फोडण्याचे यंत्र सुरू झाले.

योगायोग असा की, आदल्याच रात्री जर्मनीत नोकरीस असलेल्या एका स्नेह्याशी आमचे बोलणे झाले होते. तेथे रविवारी दुकाने बहुतेक बंद; भिंतीला भोके पाडायची नाहीत, हिरवळ कापण्याचे यंत्र चालवायचे नाही; एवढेच काय, रिकाम्या बाटल्यादेखील सार्वजनिक पेटीत टाकायच्या नाहीत, कारण त्यांचा खळखळाट होतो! हा केवळ शिष्टाचार नव्हे. रविवार हा श्रमापासून विसाव्याचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून कायद्याने रक्षिला जाईल, असे कलम १९१९ च्या वायमार संविधानात घातले गेले आणि १९४९ च्या संविधानाने ते जसेच्या तसे स्वीकारले. नाताळापूर्वीच्या चारही रविवारी दुकाने उघडू देणारी बर्लिनची तरतूद तेथील सर्वोच्च संविधान न्यायालयाने २००९ साली अमान्य केली, ती याच कलमाच्या आधारे.

ही सारी विद्या डोक्यात घेऊन आम्ही तावातावाने जिना चढलो.

वर एक मध्यमवयीन मिस्त्री आणि त्याचा पोरगेला मदतनीस धुळीत माखून उभे होते. आमचे म्हणणे त्याने यंत्र थांबवून शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “बाबूजी, मालक रविवारीच घरी असतात, म्हणून रविवारीच बोलावतात. बाकीचे दिवस मी लेबर चौकात उभा असतो. काम मिळाले तर मिळाले. आज बंद करतो, पण आजची मजुरी कोण देणार?” त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. आम्ही काहीतरी पुटपुटलो आणि खाली आलो.

वाचकहो, त्या क्षणी आम्हांला आठवण झाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांची. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. १८८१ च्या कायद्याने महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या, पण त्या फक्त मुलांना. ‘दीनबंधू’चे संपादक असलेल्या या सत्यशोधकाने १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. त्यात दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, काम करताना जायबंदी झालेल्याची तरतूद या मागण्यांच्या जोडीला रविवारची सुट्टी होती. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले, तेथे दोन स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला मालकांनी मागणी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असा युक्तिवाद लोखंड्यांनी केल्याचे सांगतात. खरे असल्यास त्यांच्या चातुर्याचे कौतुक वाटते. कारण हा दिवस मुळात परधर्मीयांचा, ही शंका त्याने परस्पर मिटते.

जर्मन कलम आणि लोखंड्यांची मागणी एकाच दिवसाविषयी असली तरी दोहोंच्या पोटी भिन्न भावना आहेत, असे आम्हांला वाटते. एकीकडे शांतता हवी आहे, दुसरीकडे सुटका. सुटका मिळालेल्यालाच शांतता मागण्याचे सुचते. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने इ. स. ३२१ मध्ये रविवारच्या विसाव्याचा हुकूम काढला, त्यातही शेतकऱ्याला वगळलेच होते. पेरणीची वेळ गेली तर पुन्हा येत नाही, हे कारण. आमचा मिस्त्री त्या शेतकऱ्याचाच वंशज म्हणायचा.

अलीकडे एक तिसरा मार्ग निघाला आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे दुकान वर्षाचे सर्व दिवस उघडे ठेवता येते, मात्र प्रत्येक नोकराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी दिली पाहिजे. न्याय म्हणून यात खोट काढता येत नाही. परंतु बापाची सुट्टी मंगळवारी, आईची गुरुवारी आणि मुलांची रविवारी असेल तर त्या घराला सुट्टी मिळाली असे म्हणावे काय? देहाचा शीण पाळीपाळीने जाईल. पण एकमेकांकडे जाणे, सभा भरवणे, नुसते ओट्यावर बसणे, यांना सर्वांची सुट्टी एकाच दिवशी लागते. ही भूक आमच्या गावालाही आहे. १७ नोव्हेंबर २०१३ रोजी येथे ‘राहगिरी’ सुरू झाली, ती रविवारी सकाळी काही तास रस्ते मोटारींना बंद करून माणसांना मोकळे करण्यासाठीच. (तेथेही ध्वनिक्षेपक होतेच. असो.)

आमचे हे चिंतन आम्ही घरात बोलून दाखविले. सौभाग्यवती तेव्हा पुरणाचे यंत्र फिरवीत होत्या. त्या म्हणाल्या, “रविवारी तुम्ही सगळे घरी, म्हणून माझे काम दुप्पट. मिस्त्रीला जाऊन बोललात, मला कधी विचारलेत?” आणि वेलदोडे संपल्याचे लक्षात येताच आमच्याच चिरंजीवांनी दूरध्वनीवरून ते मागविले. पंधरा मिनिटांत घामाघूम झालेला एक मुलगा दाराशी उभा राहिला. पुडी त्याच्या हातून आम्हीच घेतली.

पुढच्या रविवारी मिस्त्रीने आपण होऊन दहाला काम सुरू केले. आम्ही खिडकी लावून घेतली, पुरणाचे यंत्र काही वेळ फिरविले, आणि किराणा सोमवारी मागवायचा असे ठरविले. सोमवारी संध्याकाळी तोच मुलगा आला. रविवारी सुट्टी घेतोस की नाही, असे आम्ही विचारले. रविवारी मागण्या सर्वांत जास्त असतात, म्हणाला, त्या दिवशी घरी बसणे परवडत नाही. काल तुमच्याकडचे काही आले नाही, सगळे गावाला गेला होतात काय?